रद्दी कधी घालायची?

आदिलाबादच्या जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम लागला की काटापावत्यांचे गठ्ठे साचत जातात. त्यातलं रद्दीत काय टाकायचं, असं वकिलाला विचारलं तर तो उलट विचारतो: या कागदावरून भांडण उठलंच, तर किती वर्षांनी उठेल?

त्यावर मुदत ठरते. उधारीच्या वसुलीचा दावा साधारण 3 वर्षांत लावावा लागतो. पण जीएसटीची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवायची, आणि जिनिंग कंपनीच्या नावावर असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं. एकाच पावतीला दोन-तीन कायदे लागू होत असतील, तर सर्वांत लांबची मुदत धरायची.

जमिनीचे कागद मात्र या मुदतींत बसतच नाहीत. जिल्ह्याच्या अनुसूचित क्षेत्रात 1959 चा जमीन हस्तांतरण विनियम आणि त्याची 1970 ची दुरुस्ती लागू आहे. तिथे व्यवहार कधी आणि कोणाकोणात झाला, यावर सगळं अडतं. म्हणून निजामाच्या काळातला उर्दू कागद, 1954-55 ची खासरा पहाणी (जमिनीची सरकारी नोंद), हे कायम जपायचं. घरात उर्दू वाचणारं कोणी उरलं नाही, हे काही फेकण्याचं कारण नव्हे.

कोर्टाची नोटीस आली, नुसती चाहूल लागली, तरी मुदत संपलेला गठ्ठाही हलवू नये. पुरावा समोर येऊ नये म्हणून कागद नष्ट करणं हा गुन्हा आहे. आणि काय, कधी, कोणाच्या सहीने नष्ट केलं, याची नोंदवही कधीच रद्दीत घालू नका.