तहान लागत नाही म्हणून
उतारवयातला उन्हाळा : लेखांक पाचवा

निवडणूक आयोगाच्या हिशेबाने महाराष्ट्र मणिबेलीपासून सुरू होतो. नंदुरबार जिल्ह्यातला अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत नंदुरबारचं मतदान १३ मे रोजी, ऐन उन्हाळ्यात झालं. त्याच निवडणुकीत ८५ वर्षांपुढच्या मतदारांना घरूनच मत देण्याची सोय होती. म्हाताऱ्या माणसाला उन्हात चालायला लावू नये, आपणच त्याच्या दारी जावं, हे सरकारला पटलेलं आहे. निदान मतापुरतं.

गेल्या आठवड्यात आपण घाम पाहिला. आज तहान. उदाहरणाला मुद्दाम मणिबेली घेतलं आहे, कारण ‘भरपूर पाणी प्या’ हा आपला आवडता उन्हाळी सल्ला किती अर्धवट आहे, ते तिथे लगेच उघडं पडतं.

आधी शरीराची बाजू. १९८४ साली संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. विशी ते तिशीतले काही तरुण आणि ६७ ते ७५ वयाचे निरोगी पुरुष यांना चोवीस तास पाणी दिलं नाही. रक्त तपासलं तर वृद्धांच्या शरीराला पाण्याची गरज तरुणांपेक्षा जास्तच होती. पण विचारल्यावर त्यांना फारशी तहान नव्हती, तोंडही फारसं कोरडं वाटत नव्हतं. मग पुढ्यात पाणी ठेवलं, तर ते प्यायलेही कमी. हे सगळे धडधाकट लोक होते बरं का! मेंदूतली तहानेची घंटा वयानुसार मंदावते. त्यातच मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. शरीरातला पाण्याचा साठाही तरुणपणी वजनाच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, तो उतरत पन्नासपर्यंत येतो. थोडक्यात, साठा कमी, गळती जास्त आणि इशारा उशिरा. ‘तहान लागली की पितोच की मी’ असं आजोबा म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. त्यांना ती लागतच नाही.

आता मणिबेली. सातपुडा म्हटलं की आपल्याला तोरणमाळ आठवतं आणि वाटतं, तिथल्या म्हाताऱ्यांना उन्हाळा कसला! तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. मणिबेली त्याच डोंगररांगेच्या पायथ्याला, नर्मदेच्या काठी, खोऱ्याच्या तळाशी आहे. खाली हवा कोंडते आणि उघडे उतार दिवसभर तापतात. सरदार सरोवरात बुडणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव हेच. १९९४ साली इथलं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं. त्याच वर्षी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी करणारा जाहीरनामा ‘मणिबेली जाहीरनामा’ म्हणून जगभर गेला. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरला. काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, काही तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत. जी राहिली, ती पाण्याच्या वर टेकड्याटेकड्यांवर विखुरली.

म्हणजे पाणी तर दारात. मग अडचण काय?

अडचण उताराची आहे. उन्हाळ्यात जलाशय खाली सरकतो आणि काठाला गाळाचा उघडा पट्टा राहतो. त्या पाण्यापर्यंत उतरणं एक वेळ जमेल. भरलेला हंडा घेऊन चढणं सत्तरीच्या गुडघ्यांना जमत नाही. शिवाय ते साचलेलं पाणी प्यायला नको वाटतं. झरा, झिरा किंवा हातपंप गाठायचा तर तोही कुठल्या ना कुठल्या चढउतारापलीकडे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या घशात जाणारं पाणी दुसऱ्या कुणीतरी डोक्यावर वाहून आणलेलं असतं. ते ‘दुसरं कुणी’ उन्हाळ्यात गावात असतंच असं नाही. काठी गावची राजवाडी होळी आटोपली की कामाच्या शोधात कितीतरी माणसं गुजरातच्या वाटेला लागतात. मागे म्हातारी माणसं, पोरं आणि गुरं. पाणी आणायला मग दहा-बारा वर्षांची नात.

आजी हिशेब करते. नातीने आणलेल्या हंड्यातून स्वयंपाक, भांडी, पोरांचं पाणी, कोंबड्यांचं पाणी, आणि उरलं तर आपलं. कुणी तिला असं कर म्हणून सांगितलेलं नसतं. दुसरा हिशेब रात्रीचा. संध्याकाळनंतर पाणी प्यायलं तर अंधारात उठून बाहेर जावं लागणार. वाट दगडांची, नजर अधू, पडलं तर उचलायला कोण? म्हणून दिवस मावळला की तांब्या बाजूला. हा दुसरा हिशेब पुण्या-मुंबईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजीही करतात. तिथे अंधाऱ्या वाटेऐवजी ओली फरशी असते, एवढंच. माझ्या मते उतारवयातली पाण्याची टंचाई निम्मी तरी अशी, स्वतःहून ओढवून घेतलेली असते. त्यामागे अज्ञान कमी आणि संकोच जास्त.

त्यात उन्हाळा हा इथे कामाचा मोसम. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पहाटे वेचायची. ते बरं, गारव्यातलं काम. पण पाठोपाठ आमचूर येतो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत कच्च्या आंब्याच्या फोडी करून सुकवण्याचं काम घरोघर चालतं, आणि बसून करायचं म्हणून ते म्हाताऱ्यांकडे येतं. चिरणं सावलीत होतं. पसरणं, उलथणं, राखणं मात्र कडक उन्हातच, कारण आमचुराला ऊन हवं असतं. या कामाला ‘काम’ कुणी म्हणत नाही, म्हणून त्यात विसावाही धरला जात नाही. उन्हातला भाग सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारनंतर उरकला तर आमचूर काही बिघडत नाही.

मग पाणी पाजायचं कसं? तहानेवर सोडायचं नाही, वेळेवर बांधायचं. उठल्यावर, न्याहारीला, मधल्या वेळी, जेवताना, दुपारी आडवं होऊन उठल्यावर, दिवेलागणीच्या आधी. युरोपातल्या आहारतज्ज्ञांची शिफारस वृद्ध स्त्रियांना दिवसाला किमान १.६ लिटर आणि पुरुषांना २ लिटर पेयांची आहे. हा आकडा तिकडच्या हवेतला, घाम न गाळणाऱ्या माणसाचा. आपल्या मे महिन्यात तो फक्त सुरुवात समजावा. मोठा भाग सूर्यास्ताआधी पोटात गेला तर रात्रीचं उठणंही कमी होतं. घोट घेण्याइतकं पाणी हाताशी हवं. माठ घराच्या कोपऱ्यात आणि म्हातारबाबा ओट्यावर खाटेवर, तर मधली दहा पावलंही न पिण्याला पुरतात. त्यांच्या एकट्याच्या नावाचा वेगळा तांब्या किंवा बाटली भरून ठेवली, तर ‘पोरांचं पाणी संपेल’ हा संकोच जातो आणि दिवसभरात किती गेलं तेही दिसतं.

नुसतं पाणीच हवं असंही नाही. ज्वारीची आंबील, ताक, मीठ-गूळ घातलेलं कैरीचं पन्हं, पातळ पेज, सगळं त्यात मोजावं. कैरीची तर इथे रास पडलेली असते. मोहाची दारू मात्र पेयात धरू नये. ती शरीरातलं पाणी लघवीवाटे बाहेर काढते आणि ऊन लागल्याची लक्षणंही झाकते.

पाणी कमी पडतंय हे ओळखण्याची आपली नेहमीची साधनं म्हातारपणी दगा देतात. मनगटावरची कातडी चिमटीत धरून बघणं तरुणांत ठीक. वयाने सैल पडलेली कातडी तशीही सावकाशच परत बसते. लघवीच्या रंगावरही भिस्त ठेवता येत नाही, कारण मूत्रपिंड लघवी पूर्वीसारखी दाट करू शकत नाही. त्यापेक्षा वागणं पाहावं. नेहमी बोलणारं माणूस गप्प झालं, शेळी बांधली की नाही हे दोनदा विचारू लागलं, उठताना झोक गेला, जेवण नको म्हणालं, तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नये. आधी पाणी, सावली आणि ओआरएसचं पाकीट. आणि ज्या घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यांनी कुठल्याही वयात याकडे दुप्पट लक्ष द्यावं; पाणी कमी पडलं की वेदनांचा झटका येऊ शकतो. नंदुरबारमध्ये अशी घरं कमी नाहीत.

बोलणं असंबद्ध, अंग चटका बसेल इतकं तापलेलं, शुद्ध हरपत चाललेली, तर तो उष्माघात. घाम नसला तरीही, आणि असला तरीही. मणिबेलीहून मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतची वाट डोंगराची आहे. म्हणून क्रम असा : गाडी किंवा बोट बोलवा, पण ती येईपर्यंत थांबू नका. कपडे सैल करून सगळं अंग ओलं करा आणि टोपलीने, सुपाने, मिळेल त्याने वारा घाला. कोरड्या हवेत ओलं अंग झपाट्याने निवतं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. पॅरासिटॅमॉल देऊ नये. हा ताप गोळीने उतरणारा नाही.

१९९५च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसं गेली. त्यांत एकटी राहणारी वृद्ध माणसं फार होती. मणिबेलीत शहरी एकटेपणा नाही, पण टेकडीवरचं घर आणि पुढचं घर यांत हाक न पोचण्याइतकं अंतर असतं. २०२०च्या टाळेबंदीत इथल्याच चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नाव वल्हवत पाड्यांवर गेल्या, लेकरं आणि गरोदर बायांसाठी. आशाताईंनाही नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जायचं वेळापत्रक असतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा, एकट्या म्हाताऱ्याच्या दारी, असंही एक वेळापत्रक करायला काय हरकत आहे? अर्थात, त्या फेऱ्यांचे पैसे आशाताईंना मिळायला हवेत. फुकटची सेवा म्हणून हे त्यांच्या डोक्यावर टाकायचं असेल, तर न केलेलं बरं.

आजच्या सल्ल्याला एक अपवाद आहे. हृदय कमकुवत असल्याने किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी वरचं प्रमाण स्वतःहून लावू नये. ओआरएसही विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात तिचं प्रमाण बदलावं लागू शकतं. पण ती परस्पर बंद करणंही धोक्याचं आहे. पुढचा लेखांक या गोळ्यांवरच आहे. तोवर घरातल्या वडीलधाऱ्यांच्या औषधांची पिशवी एकदा उघडून, गोळ्यांची नावं कागदावर उतरवून ठेवा.