सणाच्या आदल्या दिवशीच दाढी-कटिंग का? ज्यू सणांच्या तयारीमागचा नियम समजून घ्या

अलिबाग : श्रावण लागायच्या आदल्या दिवशी गावातल्या सलूनसमोर कशी रांग लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे महिनाभर वस्तऱ्याला सुट्टी, म्हणून जो तो घाईघाईने दाढी-कटिंग उरकून घेतो. ज्यू धर्मातही असंच आहे. तिथे केस कधी कापायचे, नखं कधी काढायची, अंघोळ कधी करायची याचे नियम सणांशी बांधलेले आहेत, आणि प्रत्येक नियमाला कारण आहे.

रायगड जिल्ह्याला हा विषय परका नाही. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे ‘शनिवार तेली’, शेकडो वर्षं इथल्याच गावांत राहिले. पूर्वज जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद, म्हणून हे नाव पडलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहिमकर ही त्यांची आडनावं गावांवरूनच आली. 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे.

शुक्रवारची लगबग

ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यामुळे शनिवारचा शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच लागतो. शब्बाथला 39 प्रकारची कामं वर्ज्य आहेत. त्यात मेंढीची लोकर कातरणं हे एक काम आहे. केस कापणं आणि नखं काढणं यातच मोजलं जातं. म्हणून ही कामं शुक्रवारी दिवे लागायच्या आत आटपायची असतात. शब्बाथच्या मानासाठी शुक्रवारी गरम पाण्याने अंघोळ आणि धुतलेले कपडे हा जुना रिवाज आहे.

कापलेली नखं कुठेही टाकायची नाहीत, ती जाळायची किंवा पुरायची, असंही जुन्या धर्मग्रंथांत सांगितलं आहे. आपल्याकडच्या आज्यांनाही हे वेगळं सांगावं लागणार नाही!

सण चालू असताना कटिंग बंद का?

खरी गंमत इथे आहे. पेसाह (वल्हांडण) आणि सुक्कोथ हे सण आठवडाभर चालतात. पहिला आणि शेवटचा दिवस कडक पाळायचा असतो. मधल्या दिवसांना ‘होल हामोएद’ म्हणतात. या दिवसांत थोडीफार कामं चालतात, पण केस कापणं आणि कपडे धुणं चालत नाही.

सण म्हटलं की नीटनेटकं राहायला हवं, मग बंदी कशाला? धर्मपंडितांचं उत्तर सरळ आहे. मधल्या दिवसांत कटिंगची मुभा दिली, तर माणूस म्हणेल, “आत्ता कामाची गडबड आहे, सुट्टीत बघू.” आणि मग वाढलेल्या दाढीनिशी, मळक्या कपड्यांनिशी सणात शिरेल. तसं होऊ नये म्हणून मधली वाटच बंद केली. म्हणजे बंदीचा खरा हेतू माणसाने आधी तयार व्हावं हा आहे.

मात्र ज्याला आधी तयारी करणं शक्यच नव्हतं, त्याचं काय? त्याचाही विचार केलेला आहे. समुद्रापलीकडून प्रवास करून आलेला, कैदेतून सुटून आलेला, अशा माणसांना मधल्या दिवसांतही केस कापायची सूट आहे. साधारण 1,800 वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात ही यादी आहे. आळशाला सूट नाही, अडलेल्याला आहे.

पेसाहच्या आदल्या दिवशी तर कटिंग दुपारी बाराच्या आतच उरकायची असते. जेरुसलेमचं मंदिर होतं तेव्हा त्या दुपारी बळी अर्पण होत असे. ती वेळच सणासारखी मानली जाई.

दुखवटा असेल तर?

घरात कुणी गेलं की जवळच्या नातेवाइकांनी 30 दिवस केस कापायचे नाहीत, असा नियम आहे. पण पहिले सात दिवस पाळून झाले आणि मध्येच मोठा सण आला, तर उरलेला दुखवटा तिथेच संपतो. सणाच्या आदल्या दिवशी तो माणूस दाढी-कटिंग करून सगळ्यांत मिसळू शकतो. सण सगळ्यांचा, म्हणून एकट्याचं दुःख त्याच्यापुढे थांबतं.

आई-वडिलांसाठी मात्र नियम वेगळा आहे. तिथे 30 दिवस झाले तरी लगेच केस कापत नाहीत. मित्रमंडळी “अरे, काय हा अवतार! आता पुरे,” असं टोकतील तेव्हाच कापायचे. दुःखातून बाहेर यायला कुणीतरी आपल्या माणसाने हाक मारावी लागते, हे या नियमात धरलेलं आहे.

नव्या वर्षाला पांढरे कपडे

रोश हशाना हे ज्यूंचं नवं वर्ष, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतं. या दिवशी देव सगळ्यांचा न्याय करतो अशी श्रद्धा आहे. कोर्टात खटला असलेला माणूस काळे कपडे घालतो, दाढी वाढवतो, नखं काढत नाही, कारण निकाल काय लागेल याची त्याला धास्ती असते. ज्यू मात्र उलट करतात, असं एक जुनं धर्मवचन सांगतं. ते दाढी नीट करतात, नखं काढतात, पांढरे कपडे घालतात, कारण देव दया करील यावर त्यांचा भरवसा असतो.

त्यानंतर दहाव्या दिवशी योम किप्पूर. सुमारे 25 तासांचा कडक उपास, पाणीसुद्धा नाही. त्या दिवशी अंघोळ, अंगाला तेल लावणं आणि चामड्याच्या चपला-बूटही वर्ज्य. म्हणून अंघोळ आदल्या दिवशीच होते. अनेक पुरुष ‘मिकवे’मध्ये डुबकी घेतात. मिकवे म्हणजे पावसाचं किंवा झऱ्याचं पाणी साठवलेलं कुंड, किमान 300 लिटरच्या वर. समुद्रही चालतो. डुबकीआधी अंग स्वच्छ करून घ्यायचं, म्हणजे पाणी आणि शरीर यांच्यामध्ये काही आड येत नाही.

कोकणातल्या बेने इस्रायलींनी या सणांना मराठी नावं दिली होती. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचे. दुसरा दिवस ‘शिळा सण’. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे ‘बिरड्याचा सण’.

वस्तरा नको, कात्री चालेल

दाढीच्या कडा वस्तऱ्याने काढू नयेत, अशी तोरामध्ये आज्ञा आहे. म्हणून धर्म काटेकोर पाळणारे ज्यू कात्री किंवा ट्रिमर वापरतात. पेसाहच्या दुसऱ्या दिवसापासून 49 दिवसांची मोजणी चालते. त्यातले पहिले 32-33 दिवस केस न कापण्याचा रिवाज आहे. त्यामुळे पेसाहच्या आधी सलूनला गर्दी ठरलेलीच!

थोडक्यात लक्षात ठेवा

- शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो. तयारी त्याच्या आत.
- सणाच्या मधल्या दिवसांत कटिंग नाही, म्हणून आधीच उरकतात.
- गिऱ्हाईक ज्यू असेल, तर वस्तरा लावण्याआधी विचारून घ्यावं.
- ज्यू पंचांगातही अधिक महिना असतो, 19 वर्षांत सात वेळा. त्यामुळे सणांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात.

हिल्लेल या प्राचीन गुरूची एक गोष्ट ज्यू घरांत सांगतात. ते अंघोळीला निघाले तेव्हा शिष्यांनी विचारलं, कुठे चाललात? ते म्हणाले, पुण्यकर्म करायला. शिष्य चक्रावले. हिल्लेल म्हणाले, राजाचे पुतळे धुणाऱ्याला पगार आणि मान मिळतो, मग देवाच्या प्रतिमेत घडलेलं हे शरीर स्वच्छ ठेवणं हे पुण्य नाही का?