भिवंडीच्या दमट हवेत फ्रेंच चाकू

लाकडी मुठीचा फ्रेंच घडीचा चाकू म्हटले की पहिले नाव ओपिनेलचे. जोसेफ ओपिनेल यांनी तो १८९०च्या सुमारास फ्रान्सच्या आल्प्स भागात घडवला.

घेताना आधी पाते पाहावे. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण भिवंडीच्या पावसाळ्यात ते ओले राहिले की गंजते. लिंबू चिरल्यावर काळेही पडते. म्हणून इथे ‘इनॉक्स’ छापाचे स्टेनलेस पाते सोयीचे. मूठ बहुधा बीच लाकडाची असते. ओल शोषून ती फुगली की पाते अडकते. त्यामुळे चाकू पाण्यात भिजत ठेवू नये. धुऊन लगेच पुसावा.

फळे कापायला, मागावरचे सूत तोडायला किंवा गोदामातली खोकी उघडायला ८ नंबर पुरेसा. त्याचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे. १९५५मध्ये आलेली फिरती कडी उघडे पाते पक्के धरते. ती नीट बसते ना, हे तपासावे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असेल, तर छोटा चाकूही खिशात घालून बाहेर पडू नये.