विणा खाली ठेवायचा नाही

सप्ताहाचं पत्रक हातात आलं की लोक आधी नावं वाचतात. रात्रीचं कीर्तन कोणाचं, काल्याचं कोणाचं, मृदंगावर कोण. चैत्रात रामनवमी ते हनुमान जयंती हा आठवडा म्हणजे हिंगोली जिल्ह्यात सप्ताहांचा हंगामच. पहाटे 4 ते 6 काकडा, मग विष्णुसहस्रनाम, सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथा भजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री 9 ते 11 कीर्तन, पुढे हरिजागर. ज्याच्या जोरावर या सप्ताहाला ‘अखंड’ म्हणायचं, तो विण्याचा पहारा मात्र पत्रकावर एका ओळीत उरकलेला असतो.

मारुतीच्या देवळाचं अंगण अपुरं पडतं, म्हणून मंडप बाहेर घालतात. बहुधा पारालगत, लिंबाच्या नाहीतर चिंचेच्या सावलीत. कयाधूच्या काठच्या एखाद्या गावात आमराई शाबूत असेल तर तिथे. मंडपवाला कापड झाडालाच ताणून बांधतो. चैत्रातल्या उन्हात पत्र्याच्या सभागृहात दुपारी बसवत नाही, लिंबाखाली बसवतं, एवढं साधं गणित. पण याच झाडांमुळे मंडपात वेगळाच आवाज तयार होतो. रात्रीच्या कीर्तनात तर तो ऐकूही येत नाही, कारण कर्णे याच झाडांच्या फांद्यांना बांधलेले असतात! दुपारी तसं नसतं. कर्णे बंद, पारायणाची माणसं घरी गेलेली, पंगतीची भांडी घासून पालथी घातलेली. मंडपात एक माणूस गळ्यात विणा अडकवून उभा असतो आणि दोघे-तिघे टाळकरी बसल्या जागी रामकृष्णहरी म्हणत असतात. वर होला घुमतो, कोकिळा ओरडते, त्यांच्याखाली तारेचा झणकार चालू.

पहाऱ्याचे नियम थोडे, पण कडक. सप्ताह बसला की विणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जातो, जमिनीवर टेकत नाही. विणेकऱ्याने बसायचं नाही. उभं राहावं, नाहीतर मंडपातल्या मंडपात चार पावलं पुढे, चार मागे फिरावं. तारा छेडत राहायच्या, सूर बदलायचा नाही. पहारा बदलताना दोघे समोरासमोर येतात; आधीचा छेडत असतानाच विण्याची दोरी दुसऱ्याच्या गळ्यात जाते, नवा हात तारेवर पडतो आणि मगच जुना सुटतो. मग दोघे एकमेकांच्या पाया पडतात. इथे वय, जात, जमीनजुमला बघत नाहीत. सावकाराने सालगड्याच्या पायाला हात लावावा असे क्षण आपल्या खेड्यांनी फार थोडे राखले. हा त्यातला एक. सात दिवसांचे 168 तास होतात. दोन तासांचा एक पहारा धरला तर 84 पहारे. फळ्यावर खडूने त्यांची यादी असते, आणि रात्री 2 ते 4 च्या पुढची जागा सगळ्यांत शेवटी भरते.

हे दिवस हळद शिजवण्या-वाळवण्याचे. वसमतची हळद आता भौगोलिक मानांकनाने नावाजली आहे, पण शेतकऱ्याला ती आठवडाभर हातावरून धुऊन निघत नाही हेच मोठं मानांकन. खळ्यावरून तसाच आलेला माणूस पहाऱ्याला उभा राहतो तेव्हा त्याची पिवळी बोटं तारेवर दिसतात. त्याला सुरातलं फार कळत असेल असं नाही. कळावं लागतही नाही. विणा कोणीतरी लावून दिलेला असतो.

कळणारा माणूस म्हणजे मृदंगाचार्य. संध्याकाळी हरिपाठाच्या आधी त्याला बघत बसावं. घरून आणलेली कणीक तो पाण्याचा हात लावून मळतो, मऊ गोळा डाव्या पुडीच्या मधोमध थापतो, कडा बोटाने दाबत नेतो. एक थाप. आवाज पातळ आला तर आणखी चिमूटभर, जड आला तर नखाने काढून टाकायची. उन्हाळ्यात ही कणीक भराभर सुकते आणि धुमाचा, म्हणजे या डाव्या बाजूचा, घुमारा बसतो, म्हणून शेजारी पाण्याची वाटी. उजव्या पुडीवर शाई कायमची असते; तिचा सूर गठ्ठ्यांवर हातोडी ठोकून चढवायचा. पेटीवाला एक सूर धरून ठेवतो. ही पाच-दहा मिनिटं मला पुष्कळ कीर्तनांहून गोड वाटतात.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने 1978 साली ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली. लक्ष दिलं तर ऐकता यावं, न दिलं तरी बिघडू नये, असं संगीत त्याला हवं होतं; आमचा दुपारचा पहारा तसाच. आज विलायती महोत्सवांत मुख्य रंगमंचापासून दूर, झाडीत, अशा संगीतासाठी मुद्दाम जागा राखतात. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या एका जुन्या चर्चमध्ये तर अमेरिकी संगीतकार जॉन केजची एक रचना 2001 पासून ऑर्गनवर चालू आहे, ती 2640 साली संपायची आहे. तिथे पट्ट्या वजनं टांगून दाबून ठेवल्या आहेत. सप्ताहात वजनाच्या जागी माणूस आहे. त्याला झोप येते, पाय दुखतात, आणि त्याची वेळ संपली की दुसरा यावा लागतो.

याच मुलखात संगीताच्या जागेवरून जुना तंटाही झाला आहे. औंढ्याच्या नागनाथापुढे नामदेव महाराज कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना हटवलं, ते देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा इथे लहान पोरालाही पाठ असते. नंदी देवळाच्या मागे का, याचं उत्तर म्हणून ती सांगतात. नामदेवांच्या पदांतूनही ती शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात गेली आहे; त्यांची 61 पदं तिथे आहेत. महाराजांचं जन्मस्थान मानलं जाणारं नर्सी याच जिल्ह्यात. त्याच औंढ्याजवळ, दुधाळ्याला, लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र गुरुत्वीय लहरी टिपणार. केंद्राने 2023 साली त्यासाठी सुमारे 2600 कोटी मंजूर केले. जमीन कमी थरथरते अशी जागा शास्त्रज्ञांना हवी होती. आम्ही मात्र त्याच तालुक्यात लिंबाला चार-चार कर्णे बांधतो.

कर्ण्यांवर माझा राग आहे, लपवत नाही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम 2000 सालापासून आहे, वर्षातले मोजके दिवस 12 पर्यंत सवलत मिळते. सप्ताहवाले पोलीस पाटलाला सांगून मोकळे होतात. नियमाचं जाऊ द्या. कर्ण्याने कीर्तनकार मोठा केला आणि मंडप लहान केला. बिदागीचे आकडे वाढले, वर्गणी वाढली, आणि ज्याला माइक लागत नाही तो पहारा ओस पडू लागला.

माणसं मिळत नाहीत ही खरी अडचण. तरणी पोरं पुण्याला, संभाजीनगरला. मग काही गावं वारकरी शिक्षण घेणाऱ्या मुलांना मानधनावर बोलावतात. आळंदीला जोग महाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिच्या वळणावर आता जागोजागी लहान संस्था निघाल्या आहेत. मुलं शिस्तीची असतात, विणाही सुरात ठेवतात. पण फळ्यावर गावातली नावं न लिहिता ‘महाराज मंडळी’ असं एकदाच लिहून मोकळं व्हायचं, हे म्हाताऱ्यांना पटत नाही. काही गावांत दुपारचे पहारे बायकांनी उचललेत. तिथे गेल्या काही सालांत तंटे झाले ते एवढ्याचसाठी, की 2 ते 4 चा पहारा कुठल्या आळीला आणि 4 ते 6 चा कुठल्या.