छातीवर वीज घेऊन वाढलेला मुलगा

विनोदी आत्मकथनं पुष्कळ असतात, पण हसता हसता एका अख्ख्या काळाची ओळख करून देणारी थोडीच. बिल ब्रायसनचं ‘द लाइफ अँड टाइम्स ऑफ द थंडरबोल्ट किड’ (२००६) हे त्यांपैकी एक. ब्रायसन १९५१ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या राजधानीत, डे मॉइनमध्ये जन्मला. आईवडील दोघंही तिथल्या ‘रजिस्टर’ या वृत्तपत्रात होते. वडील बेसबॉलवर लिहायचे, तर आई घरसजावटीचं सदर सांभाळायची.

नोकरी करून घरी आलेली आई ओव्हनमध्ये काहीतरी ठेवायची आणि विसरून जायची. जेवण करपणार हे ठरलेलंच. घरच्यांनी स्वयंपाकघराला इस्पितळातल्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागाचं नाव देऊन टाकलं होतं. या प्रसंगात आईची टिंगल मात्र कुठेही नाही. १९५०च्या दशकात पूर्णवेळ पत्रकारिता करणाऱ्या बाईची रोजची ओढाताण त्यात दिसते, आणि करपलेलं जेवण निमूट खाणाऱ्या कुटुंबाची मायाही.

पुस्तकाचं नाव एका जर्सीवरून आलं आहे. घराच्या तळघरात लहानग्या ब्रायसनला एक जुनी लोकरी जर्सी सापडली. तिच्या छातीवर सोनेरी वीज, म्हणजे थंडरबोल्ट, होती. आपण या घरातले नाहीच, परग्रहावरून आलो आहोत आणि नुसत्या नजरेने मूर्ख माणसांची वाफ करू शकतो, अशी त्याची खात्रीच पटली. अतिशयोक्ती हा ब्रायसनचा हातखंडा. इथे ती शोभते, कारण लहान मुलाला जग तेवढंच अवाढव्य दिसत असतं. क्वचित ती ताणलीही जाते. शाळेतल्या काही प्रसंगांत मला ते जाणवलं.

पण मला हे पुस्तक मोलाचं वाटतं ते दुसऱ्याच कारणासाठी. मुलाच्या नजरेशेजारी ब्रायसन पत्रकाराच्या मुलाला साजेशी माहिती ठेवतो. त्या काळी अमेरिकेतल्या चपलाबुटांच्या दुकानांत क्ष-किरणांची यंत्रं असायची. नवा बूट घालून पाय आत घालायचा आणि आपली हाडं बघायची. मुलांना त्याची भारी गंमत वाटे, किरणोत्सर्गाची फिकीर फारशी कुणी करत नसे. नेवाडाच्या वाळवंटात अणुबॉम्बच्या चाचण्या चालत आणि लास व्हेगासला आलेले पर्यटक तो उजेड बघायला थांबत. शाळेत बॉम्बहल्ल्याची तालीम म्हणून मुलं बाकाखाली शिरत. १९५२ साली अमेरिकेत पोलिओचे सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले. साल्क या शास्त्रज्ञाची पोलिओवरची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं ते एप्रिल १९५५ मध्ये. म्हणजे ब्रायसनची अगदी लहानपणची वर्षं पोलिओच्या भीतीच्या सावटाखाली गेली. त्या पिढीचा आनंद आणि तिच्यावरचं संकट तो एकाच दमात सांगतो, म्हणून हसू पोकळ वाटत नाही.

हे बालपण गोऱ्या, मध्यमवर्गीय, सुबत्तेतल्या अमेरिकेचं आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं. पुस्तकात शेवटी शेवटी डे मॉइन शहराचा मध्यभाग ओस पडत जातो, ओळखीची दुकानं मिटत जातात. तिथलं ‘यंकर्स’ हे मोठं दुकान २००५ मध्ये बंद झालं.

इंग्रजी जेमतेम येत असलं तरी मूळ पुस्तकच हाती घ्या. एका बैठकीत संपवू नका. रोज एक प्रकरण घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा, सुरुवात आईच्या स्वयंपाकापासून करा.