बिनबंदुकीचं वर्ष

१७ ऑगस्ट १९२२, गुरुवार. आदल्याच दिवशी डब्लिन शहराने आर्थर ग्रिफिथ यांना अखेरचा निरोप दिला होता. आणखी पाच दिवसांनी मायकेल कॉलिन्स कॉर्क परगण्यात बेल ना ब्ला इथे दबा धरून बसलेल्यांच्या गोळीला बळी पडणार होते. नव्या आयरिश राज्याचे दोन्ही आधारस्तंभ असे दहा दिवसांच्या आत कोसळले. त्या दहा दिवसांतच नव्या गणवेशातल्या पोलिसांची एक तुकडी डब्लिन कॅसलच्या फाटकातून आत शिरली. सातशे वर्षं इंग्रजी सत्तेचं ठाणं असलेल्या त्या किल्ल्याचा पहारा आता ‘सिव्हिक गार्ड’कडे आला होता. तुकडीच्या पुढे चालत होते कमिशनर मायकेल स्टेन्स. त्यांनी पदाचा राजीनामा आधीच दिलेला होता, आणि मागून चालणाऱ्यांपैकी कित्येकांनी तीनच महिन्यांपूर्वी त्यांच्याविरुद्ध बंड केलं होतं.

या दिवसापासून ८ ऑगस्ट १९२३ पर्यंतचं जवळजवळ एक वर्ष हे आयर्लंडच्या राष्ट्रीय पोलीस दलाचं खरं पहिलं वर्ष. ८ ऑगस्टला या दलासाठीचा पहिला कायदा झाला. तोवरचं सगळं काम सरकारी हुकमावर चाललं. बाहेर यादवी पेटलेली, दलाला स्वतःचा कायदा नाही आणि शिपायाच्या हातात बंदूकही नाही. अशा वर्षाचा हिशेब मांडताना आधी मागची बाकी पाहावी लागते.

ती बाकी होती रॉयल आयरिश कॉन्स्टॅब्युलरीची. १८२२ च्या कायद्याने परगणावार सुरू झालेली आणि १८३६ मध्ये एकछत्री झालेली ही फौजच होती. पोलीस बराकीत राहत, कार्बाइन बाळगत, आणि स्वतःच्या परगण्यात त्यांची नेमणूक होत नसे. १८६७ चा फेनियन उठाव मोडल्याबद्दल राणीने त्यांना ‘रॉयल’ ही पदवी बहाल केली. शिपायांत बहुसंख्य आयरिश कॅथलिक शेतकऱ्यांची मुलं होती. शांततेच्या काळात गावकऱ्यांशी त्यांचं बरं चाले. पण कुळाला घराबाहेर काढायची वेळ आली की जमीनदाराच्या माणसांमागे उभे राहणारेही तेच असत. १९१९ नंतरच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांची चारशेहून अधिक माणसं मारली गेली. मदतीला इंग्लंडहून ‘ब्लॅक अँड टॅन’ भरती आली, आणि तिने गावंच्या गावं जाळून दलाची उरलीसुरली पतही घालवली.

मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल, कारण ती आपल्याकडेही आली. चार्ल्स नेपिअरने सिंध जिंकल्यावर तिथे आयरिश कॉन्स्टॅब्युलरीच्या धर्तीवर पोलीस उभे केले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी १८४७ मध्ये ती व्यवस्था पाहिली, आणि १८५३ पर्यंत मुंबई इलाख्यात जिल्ह्याला पोलीस सुपरिंटेंडेंट नेमण्याची पद्धत रुजली. १८६१ चा देशव्यापी पोलीस कायदा त्याच वाटेने पुढे गेला. जनतेवर नजर ठेवणारा, सरकारला जबाबदार असलेला आणि गरज पडली तर पलटणीसारखा उभा राहणारा पोलीस, ही कल्पना दोन्ही देशांत एकाच घरातून गेली.

आयर्लंडने ती टाकायचं ठरवलं. पण पहिला प्रयत्न जुन्याच वळणावर गेला. फेब्रुवारी १९२२ मध्ये डब्लिनच्या ग्रेशम हॉटेलात बैठक झाली आणि त्याच महिन्यात बॉल्सब्रिजच्या प्रदर्शन-मैदानावर भरती सुरू झाली. आलेली बहुतेक पोरं इंग्रजांशी लढलेली, गनिमी काव्यात मुरलेली. त्यांना शिस्त आणि कायदा शिकवणार कोण? कॉलिन्स यांनी व्यवहार पाहिला. जुन्या दलातल्या काही अधिकाऱ्यांनी लढ्यात त्यांना आतून मदत केली होती; त्यांनाच वरच्या जागा दिल्या. काल ज्यांच्या बराकींवर हल्ले केले त्यांनाच आज सलाम ठोकायचा, हे पोरांच्या पचनी पडेना.

१५ मे १९२२ ला किल्डेअरच्या बराकीत ठिणगी पडली. स्टेन्स यांनी संचलनात म्होरक्यांना बडतर्फ केल्याचं वाचून दाखवलं, तशा रांगा मोडल्या. शेकडो शिपाई एका बाजूला झाले, आणि कमिशनरना आपल्या अधिकाऱ्यांसह बराक सोडावी लागली. त्यानंतर काही आठवडे आयर्लंडचे पोलीस आपल्याच सरकारविरुद्ध शस्त्रागार अडवून बसले होते. जूनमध्ये तर आतल्यांच्याच संगनमताने तिथली हत्यारं इंग्रजांशी झालेल्या कराराला विरोध करणाऱ्या गटाच्या हाती गेली. जूनच्या अखेरीस डब्लिनमध्ये याच करारविरोधी गटाच्या ताब्यातल्या फोर कोर्ट्स इमारतीवर सरकारकडून तोफा डागल्या गेल्या आणि यादवी सुरू झाली.

बंडाच्या चौकशीचं काम केव्हिन ओशील आणि मायकेल मॅकऑलिफ या दोघांकडे आलं. दल कागदोपत्री मोडावं आणि माणसं पारखून पुन्हा घ्यावीत, कमिशनरच्या खुर्चीत राजकारणी नसावा आणि पोलीस निःशस्त्र असावेत, असा त्यांच्या शिफारशींचा सारांश होता. स्टेन्स स्वतः संसदेचे सदस्य होते. ते पायउतार झाले. हे दल शस्त्रांच्या किंवा संख्येच्या बळावर चालणार नाही, लोकांचे सेवक म्हणून मिळालेल्या नैतिक अधिकारावर चालेल, हे त्यांचं म्हणणं मात्र मागे राहिलं आणि आजही दलाचं ब्रीद म्हणून सांगितलं जातं.

वाक्य सुंदर आहे, पण त्यामागची निकड विसरून चालणार नाही. बंदुका दिल्या तर हेच लोक पुन्हा बंड करतील, ही धास्ती होती. शिवाय गावोगाव विखुरलेल्या चार-पाच जणांच्या ठाण्यात रायफली ठेवणं म्हणजे विरोधी बंडखोरांना आयती रसद पोचवणं. आणि सशस्त्र पोलीस यादवीत उतरला की तो एका पक्षाचा शिपाई ठरणार, तिसरा कुणी नाही. निःशस्त्र राहण्याच्या निर्णयात तत्त्व आणि नाइलाज असे दोन्ही मिसळलेले होते. त्या वर्षाचं मोठेपण एवढंच की नाइलाज संपल्यावरही तत्त्व सोडलं गेलं नाही.

सप्टेंबरमध्ये ओवेन ओडफी कमिशनर झाले. मोनाहानचा हा सेनानी कडक, कामसू आणि भपक्याची आवड असलेला. गृहखात्याचे मंत्री होते तिशीतले केव्हिन ओहिगिन्स, ओडफींपेक्षाही कठोर. त्या शरदात दोघांनी मिळून लहान लहान तुकड्या खेड्यापाड्यांत पाठवायला सुरुवात केली. जुन्या दलाच्या शेकडो रिकाम्या बराकी १९२० मध्येच जाळल्या गेल्या होत्या. त्यामुळे कुठे भाड्याचं घर घ्यायचं, कुठे एखाद्या मोडक्या इमारतीत पथारी पसरायची. एक सार्जंट, तीन-चार शिपाई, काही सायकली, एक नोंदवही. एवढ्या भांडवलावर राज्य आलं आहे हे गावाला पटवायचं होतं.

किलकेनी परगण्यातल्या कॅलन गावाच्या ठाण्यात असाच एक तरुण शिपाई होता, लीश परगण्यातला हेन्री फेलन. ठाण्यातल्या मंडळींना गावात हर्लिंगचा संघ उभारायचा होता. आपल्याकडे नव्या फौजदाराने गावात कबड्डीचा संघ काढावा, तसाच हा प्रकार. गावाशी ओळख व्हायला खेळाइतका चांगला रस्ता नाही. १४ नोव्हेंबर १९२२ ला सहकाऱ्यांसह तो सीमेपलीकडच्या टिपरेरी परगण्यात मलिनाहोनला गेला, खेळाच्या काठ्या आणायला. गावातल्या दुकानात हत्यारबंद माणसं घुसली आणि त्यांच्या गोळीने तो तिथेच गेला. मारेकऱ्यांच्या हातून जीव गमावलेला या दलाचा तो पहिला शिपाई.

अशा वेळी कोणत्याही पोलीस दलात एकच मागणी उठते: आम्हालाही बंदुका द्या. इथेही ती सहज उठू शकली असती, आणि सरकारला ती मान्य करणंही सोपं होतं. ती मान्य झाली नाही. त्या हिवाळ्यात ठाण्यांवर हल्ले होतच राहिले. रात्री टोळी यायची, शिपायांना बाहेर काढायची, मारहाण करायची, गणवेश काढून घ्यायची, इमारत पेटवायची किंवा सुरुंगाने उडवायची. ठाणं गेलं तरी दल गाव सोडत नसे. दुसरी जागा शोधून पुन्हा नोंदवही उघडली जाई. गोळी झाडणाऱ्याला समोरून गोळी येत नव्हती, आणि याचा परिणाम गावावर होत होता. ज्यांची मुलं डोंगरात सरकारविरुद्ध लढत होती, अशा घरांनाही निःशस्त्र पोराला मारणाऱ्यांचं समर्थन करणं जड जाऊ लागलं. पोलीस ठार करण्याचं सत्र त्यामुळे कधीच सार्वत्रिक झालं नाही. तसं व्हावं असं विरोधी नेतृत्वालाही वाटलेलं दिसत नाही.

रोजचं काम या सगळ्यापेक्षा बरंच रूक्ष होतं. १९२२ च्या शरदात नवे जिल्हा न्यायाधीश नेमले गेले. त्यांच्यापुढे पहिले खटले उभे करणं, समन्स बजावणं, साक्षीदार हजर ठेवणं हे पोलिसांचं काम. पश्चिमेकडच्या परगण्यांत पोतीनच्या, म्हणजे हातभट्टीच्या, मुबलक भट्ट्या होत्या; लढ्याच्या काळात पोलीसच नसल्याने त्या जोमात आलेल्या. धाडी घालणं, पिंपं फोडणं, दारूच्या दुकानांना वेळ पाळायला लावणं यात शिपायांचे दिवस जात. जमिनीवरून, चराऊ कुरणांवरून भांडणं होतीच. गावगाड्याच्या या कुरबुरींतूनच लोक पुन्हा तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढू लागले. एखाद्याने चोरीची फिर्याद ठाण्यात नोंदवणं हीच त्या वर्षी सरकारला मिळालेली मान्यता होती.

ताळेबंदाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडायला हवी. पोलिसांचे हात स्वच्छ राहिले, कारण घाणेरडं काम दुसरे करत होते. यादवीत सरकारने देहदंड दिलेल्यांचा रूढ आकडा ७७ आहे. मार्च १९२३ मध्ये केरी परगण्यात बॅलीसीडी इथे सैन्याने कैद्यांना सुरुंगाला बांधून उडवलं. आठ जण मेले, एक वाचला. डब्लिनमध्ये ओरियल हाउसमधला गुप्तचर विभाग सशस्त्र होता आणि त्याच्या चौकशीच्या पद्धती कुप्रसिद्ध होत्या. जमिनी बळकावणाऱ्यांची गुरं जप्त करायला १९२३ मध्ये सैन्याची एक खास तुकडीच उभी केली होती. निःशस्त्र शिपाई गावात सायकलवरून फिरू शकत होता, तो या सशस्त्र राज्याच्या आडोशाला. हे मान्य केलं म्हणजे निर्णयाचं मोल कमी होत नाही, पण कथा भाबडी राहत नाही. स्त्रियांना तर या दलात शिरायला १९५९ उजाडावं लागलं.

२४ मे १९२३ ला करारविरोधी सैन्याला शस्त्रं ठेवून देण्याचा हुकूम निघाला आणि यादवी थांबली. ८ ऑगस्टच्या कायद्याने दलाला आयरिश भाषेतलं नाव मिळालं, गार्डा शीओखाना, शांततेचे रक्षक. कायद्याच्या शीर्षकात ‘तात्पुरत्या तरतुदी’ असे शब्द होते. दल मात्र टिकलं. १९२५ मध्ये डब्लिनचे जुने महानगर पोलीसही त्यात विलीन झाले. १९३२ मध्ये यादवीत हरलेल्या बाजूचे डी व्हॅलेरा निवडून सत्तेवर आले, तेव्हा याच पोलिसांनी त्यांना मुकाट्याने सलाम केला. ओडफींना पुढच्या वर्षी दूर केलं गेलं, आणि निळ्या शर्टांच्या निमलष्करी संघटनेचे नेते म्हणून ते भलत्याच वाटेला लागले. त्यांच्यामागे दल गेलं नाही. पहिल्या वर्षात रुजवलेलं तटस्थपण त्याच्या संस्थापकालाही पुरून उरलं. दल निष्कलंक राहिलं असं मात्र नाही. डोनेगलमधल्या पोलिसांच्या गैरवर्तनावर या शतकाच्या सुरुवातीला मॉरिस न्यायाधिकरण बसवावं लागलं.

त्याच जुन्या कॉन्स्टॅब्युलरीला दुसराही एक वारस होता. जून १९२२ मध्ये उत्तर आयर्लंडात रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी उभी राहिली. तिने हत्यारंही घेतली, गणवेशाचा गडद हिरवा रंगही घेतला, आणि तिथल्या कॅथलिकांच्या नजरेत ती कायम एका बाजूची राहिली. तिथली परिस्थिती अधिक बिकट होती हे खरं. १९६९ नंतरच्या हिंसाचारात तिचे तीनशेच्या वर लोक मारले गेले. पण शेवटी पॅटन समितीच्या शिफारशींवरून २००१ मध्ये नाव, बोधचिन्ह आणि भरतीचे नियम बदलून ते दल नव्याने बांधावं लागलं. दक्षिणेने जे काम पहिल्याच वर्षी केलं, ते उत्तरेला ७९ वर्षांनी करावं लागलं.

आपण तिसरे वारस. १९४७ नंतर आपल्याकडे झेंडा बदलला, टोपीवरचं चिन्ह बदललं. १८६१ चा सांगाडा पुष्कळसा तसाच राहिला. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये पोलीस सुधारणांचे आदेश दिले, त्यांची पुरती अंमलबजावणी अजून व्हायची आहे. आपल्या पोलिसाने उद्यापासून बंदूक खाली ठेवावी असा याचा अर्थ नाही. आपले प्रश्न वेगळे आहेत. पण पोलीस कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर राज्य नवं असतानाच द्यावं लागतं. पुढे ढकललं की ते महाग पडतं. आयर्लंडच्या त्या धामधुमीच्या वर्षाची खरी कमाई हीच, आणि गार्डांचा गणवेशातला शिपाई शंभर वर्षांनंतरही बहुतांशी बंदुकीशिवायच गस्त घालतो.