कोरडा जानेवारी, धोक्याचा फेब्रुवारी

गुलमर्गच्या २०२३-२४च्या हिवाळ्याचा विषय निघाला की लोकांना जानेवारीतली तपकिरी कुरणं आठवतात. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडे गेले. बर्फ घेऊन येणारे पश्चिमी विक्षोभ फिरकेचनात. पर्यटक हिरमुसले, हॉटेलवाले हवालदिल. स्की गस्ती पथकात काम करणाऱ्या आम्हाला मात्र पुढच्या महिन्याची धास्ती होती.

वर अफरवाटच्या डोंगरावर, सुमारे ३,९५० मीटरवर, बर्फ होता पण जेमतेम. निरभ्र रात्री अशा पातळ थराचा माथा गारठतो आणि जमिनीलगतचा भाग त्या मानाने उबदार राहतो. या तफावतीने वाफ थरातून वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचं सोडून सुटे, टोकदार होतात. मुठीत घेतले की जाड साखरेसारखे बोटांतून निसटतात. त्यावर नंतर कितीही बर्फ साचला तरी पाया कच्चाच.

जानेवारी सरता सरता बर्फ आला, फेब्रुवारीत भरभरून आला. गावात आनंदीआनंद! आम्ही मात्र बर्फाचे थर तपासायला खड्डे खणत होतो. खड्ड्याच्या भिंतीतून तीस सेंटिमीटर रुंद, तेवढाच खोल असा बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापट्या मारायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. खांद्यापर्यंत पोचलात तर थोडा भरवसा. आमचा खांब बहुतेकदा कोपरावरच निकालात निघायचा; वरचा जाड थर अखंड सरकून पुढ्यात यायचा.

बाकीचं काम ठरलेलं. पहाटे दोर आणि निशाणं लावायची, गुडघा दुखावलेल्याला स्लेजवरून खाली आणायचं, दम लागलेल्याला परत गोंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, केबिनमध्ये बसवायचं. खरा कस लागायचा तो गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवताना. लख्ख ऊन, ताजा बर्फ, हजारो मैलांवरून आलेला माणूस; त्याला ‘आज नाही’ म्हणायचं. उतारावर काहीच झालं नाही की तो निर्णय लोकांना उगाचचा वाटतो. माझ्या मते पथकाचं सर्वांत मोलाचं काम तेच, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

२२ फेब्रुवारीला, खाली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं. परदेशी स्कीपटू त्यात सापडले. सैन्य आणि गस्ती पथक धावलं, हेलिकॉप्टरही आलं. बाकीचे वाचले, एक रशियन स्कीपटू गेला. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर दहातले नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तिघांतला एक. म्हणून अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र), पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) आणि फावडं, आणि ते वापरता येणारा सोबती हवाच. गोंडोलाच्या आसपासचा ठरावीक पट्टाच पथकाच्या देखरेखीखाली असतो. पलीकडचा अख्खा डोंगर मोकळा आहे.

पुण्या-मुंबईहून आता पुष्कळ तरुण तिथे स्कीइंग शिकायला जातात. त्यांनी गोंडोलाचं तिकीट काढण्याआधी त्या दिवशीची हिमस्खलनाची सूचना वाचावी. शिवाय डिसेंबर-जानेवारीत बर्फ कधी आणि किती पडला हेही पथकातल्या कुणाला तरी विचारून घ्यावं. सांगायला त्यांना आवडतं.